सुळा पुढे की मागे?

शाळेत बीजगणितात आपण 'क्ष' म्हणजे जे माहीत नाही ते, असं शिकलो. म्हणून क्ष-किरण हे मराठी नाव मला फार आवडतं. राँटगेनला ते नोव्हेंबर १८९५ मध्ये सापडले आणि जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ओटो वॉल्खॉफ या दंतवैद्याने काचेची पट्टी तोंडात धरून स्वतःच्या दातांचं चित्र काढवून घेतलं. त्याला पंचवीस मिनिटं लागली! (इतका वेळ गप्प बसायला मला तरी जमणार नाही.)

चित्र निघालं, पण सपाट. पुढचं आणि मागचं एकावर एक. यावर लंडनच्या सी. ए. क्लार्क यांनी १९१० मध्ये झकास युक्ती मांडली. करून बघा : दोन बोटं एकामागे एक धरा, एक डोळा मिटा आणि डोकं उजवीकडे न्या. मागचं बोट तुमच्याबरोबर उजवीकडे सरकल्यासारखं वाटतं. तसंच एक्स-रेची नळी थोडी सरकवून दुसरी फिल्म काढायची. अडकलेला दात नळीच्याच दिशेने सरकला तर तो टाळूकडे, उलट सरकला तर ओठाकडे. तिसरी मिती, तीही दोन फिल्ममध्ये!

खरं त्रिमित चित्र यायला मात्र बराच काळ गेला. हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅनने १९७१ मध्ये पहिला रुग्ण तपासला, पण दातांसाठी ते म्हणजे फार मोठं प्रकरण. १९९८ मध्ये इटलीतल्या व्हेरोनाच्या मोझ्झो आणि सहकाऱ्यांनी शंकूसारखा झोत वापरणारं यंत्र जगापुढे ठेवलं. जपानमध्ये अराई यांचंही काम त्याच सुमाराचं. झोत डोक्याभोवती एक फेरी मारतो, त्यात शेकडो चित्रं निघतात आणि संगणक त्यातून जबडा उभा करतो. यालाच सीबीसीटी म्हणतात.

हे सगळं मी वाचत बसलो ते भाचीमुळे. तेरा वर्षांची आहे. तिचा वरचा सुळा येईना. ओपीजीमध्ये तो शेजारच्या दाताच्या मुळावर आडवा पडलेला दिसला. ताई म्हणाली, "सरळ थ्रीडी काढून टाकू, एकदाचं कळेल."

मला न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स आठवले. अमेरिकेत दातांचे एक्स-रे काढणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी एक. नळी नीट जमली का, हे ते स्वतःचा हात झोतात धरून बघत. आधी बोटं गेली, मग हात, आणि १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. आजचे डोस त्यापुढे नगण्य, हे मान्य. पण मुलांच्या वाढत्या पेशींना किरण जास्त बाधतात, आणि तारा लावायच्या म्हणून प्रत्येक मुलाचा सरसकट स्कॅन करू नये, असं अमेरिकेतल्या दंत-रेडिओलॉजीच्या अकादमीने २०१३ मध्ये बजावलं आहे. पालकांची घाई आणि यंत्राचा हप्ता, दोन्ही एकाच दिशेला ढकलतात, असं माझं मत.

भाचीच्या डॉक्टरांनी आधी क्लार्कची युक्तीच केली. सुळा टाळूकडे निघाला. पण शेजारच्या दाताचं मूळ धूसर दिसत होतं. ते झिजत असेल तर तो दातच जायचा, आणि दोन फिल्ममध्ये ते समजेना. मग स्कॅन केला, तोही तेवढ्याच तुकड्याचा. मूळ टोकाला थोडं झिजलंय, पण दात वाचेल म्हणतात. टाळूकडून सुळा मोकळा करून तारेने ओढायचं काम दिवाळीनंतर सुरू होईल.