घाटातील भारवाहतूक (हिंगोली परिसर)

डोंगराच्या चढउतारावरून ओझे वाहून अथवा ओढून नेण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचा समावेश घाटातील भारवाहतुकीत होतो. बैलांच्या पाठीवरील गोण्या, बैलगाडी, आगगाडी, मालमोटार आणि मागे जोडगाडी ओढणारे वाहन ही तिची क्रमाने आलेली साधने होत. महाराष्ट्रात या विषयाचे विवेचन बहुधा सह्याद्रीतील बोर व थळ या घाटांपुरते केले जाते. तथापि मराठवाडा व वऱ्हाड यांच्या सीमेवरील हिंगोली परिसरातही वाहतुकीचा हा सर्व क्रम पाहावयास मिळतो.

चढ व उतार : घाटात वाहतुकीपुढे दोन भिन्न प्रश्न असतात. चढावर शक्ती लागते, तर उतारावर नियंत्रण. २० मी. अंतरास १ मी. चढ असलेल्या रस्त्यावर प्रत्येक टन वजनामागे सु. ५० किग्रॅ. इतकी जादा ओढ लागते. चांगल्या सपाट रस्त्यावर लोखंडी धावेच्या गाडीला टनामागे सु. ३० किग्रॅ. ओढ पुरते, हे लक्षात घेतले म्हणजे घाटातील कष्टाची कल्पना येते. उतारावर हेच वजन उलट दिशेने काम करते. १० टनांचे वाहन २६० मी. खाली उतरते, तेव्हा सु. ७ युनिट विजेइतकी ऊर्जा कोठेतरी खर्ची पडावी लागते. ही ऊर्जा साधारण ७५ लिटर पाणी उकळीस आणण्यास पुरेशी असते. ती सर्व ब्रेकच्या पट्ट्यांवर पडली, तर पट्ट्या तापून निकामी होतात. चढावर शक्ती अपुरी पडल्यास वाहन थांबते व फार तर वेळ जातो. उतारावर नियंत्रण सुटल्यास माणसे दगावतात. असे असूनही प्रत्येक युगात चढाचा प्रश्न आधी सुटला आणि उताराचा मागाहून, असे या वाहतुकीच्या इतिहासावरून दिसून येते.

भूरचना : हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके होत. उत्तरेस पैनगंगा व दक्षिणेस पूर्णा या नद्या असून मधून कयाधू वाहते. अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे जिल्ह्याच्या उत्तर व मध्य भागांत पसरलेले आहेत. येथील डोंगर उंच नसले, तरी त्यांचे चढउतार वारंवार येतात. हिंगोली समुद्रसपाटीपासून सु. ४५० मी., वाशीम सु. ५४० मी., तर अकोला सु. २८० मी. उंचीवर आहे. म्हणजे हिंगोलीहून अकोल्यास जाणाऱ्या मालाला आधी वाशीमच्या पठारावर चढावे लागते आणि नंतर पातूरच्या बाजूने सु. २६० मी. खाली उतरावे लागते. वऱ्हाडातील सखल मैदानास पाईनघाट व वरच्या पठारास बालाघाट म्हणण्याचा जुना प्रघात याच उंचीभेदावरून पडला.

लदणीचे बैल : चाकाची वाट नसलेल्या काळात घाटातील माल बैलांच्या पाठीवरून जाई. हा व्यवसाय मुख्यत्वे बंजारा अथवा लमाण समाजाच्या हाती होता. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंस समतोल लोंबणारी गोणी टाकून धान्य, मीठ, गूळ इ. माल शेकडो किलोमीटर नेला जाई. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये १४,००० बैलांचा तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. झां बातीस्त ताव्हेर्न्ये या फ्रेंच प्रवाशानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. तांडा चरत चरत चाले, त्यामुळे वैरणीचा खर्च जवळजवळ नसे. मात्र दिवसाकाठी मजल थोडीच होई. मोगल, निजाम, मराठे व इंग्रज या सर्वांच्या दख्खनमधील फौजांना धान्य पुरविण्याचे काम या तांड्यांनी केले.

घाटाच्या दृष्टीने ही पद्धत सर्वांत सुरक्षित होती. प्रत्येक बैल स्वतःचेच ओझे वाहतो आणि उतारावर स्वतःच्याच पायांनी ते सावरतो. मागच्या ओझ्याचा भार पुढच्यावर येत नाही. एखादा बैल घसरला, तरी नुकसान एका गोणीचे होई. तिचा दोष हा की, एक बैल पाठीवर जेमतेम सव्वाशे किग्रॅ. वाही, तर तोच बैल जोडीने गाडीला जुंपला असता सपाट रस्त्यावर त्याच्या कितीतरी पट माल ओढी. म्हणून गाडीरस्ते होताच लदणीचा व्यवसाय मागे पडू लागला व लोहमार्गांनंतर तो बुडाला. व्यापार गेलेल्या या समाजावर पुढे ब्रिटिश अमदानीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा डाग अनेक भागांत लागला. हा कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द होऊन १९५२ मध्ये अशा जमाती विमुक्त झाल्या. हिंगोली, सेनगाव, औंढा व कळमनुरी तालुक्यांतील तांडे ही त्या वाहतुकीची आजही दिसणारी खूण होय. फिरत्या मुक्कामाचे नाव तेथे स्थिर वस्तीस लागले आहे.

बैलगाडी : सर जॉन माल्कम हा मुंबईचा गव्हर्नर असताना १८३० मध्ये बोर घाटाचा गाडीरस्ता खुला झाला. चाकांची वाहतूक दख्खनच्या पठारावर सुकर होण्याच्या दृष्टीने हा मोठा टप्पा होता. हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. या फौजेच्या खर्चासाठी १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हापासून पैनगंगा ही दोन राजवटींमधील सीमा ठरली. भुसावळ–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाल्यावर अकोला ही कापसाची मोठी पेठ बनली. हिंगोली परिसरातील कापूस बैलगाड्यांनी वाशीम व पातूरमार्गे सु. १२५ किमी.वरील या पेठेकडे जाऊ लागला.

बैलजोडी दिवसभर ओढीत राहील असा जोर सु. ७० ते ८० किग्रॅ. भरतो. एक टनाच्या गाडीस २० मी.स १ मी. चढावर जवळजवळ तेवढाच जोर लागतो. रस्ता खराब असल्यास अधिकच. यास्तव चढाच्या पायथ्याशी गाड्या थांबवून एका गाडीस दुसरीची बैलजोडी पुढे जुंपीत व गाड्या पाळीपाळीने वर काढीत. दमलेली गाडी मागे घसरू नये म्हणून चाकामागे दगडाची उटी लावण्यासाठी एक माणूस मागून चाले. चढाचा प्रश्न असा परस्परसाहाय्याने सुटे. उतारावर मात्र जादा बैलांचा उपयोग नसे. गाडीचे ओझे जोखडावर रेटा देई आणि तो बैलांच्या मानेने पेलावा लागे. चाकावर लाकडी ठोकळा दाबणे, चाक दोराने बांधून घसटत नेणे किंवा गाडीमागे ओंडका ओढत ठेवणे हे त्यावरील उपाय होते. घर्षणाने वेग मारणे हे या सर्वांचे तत्त्व होय.

लोहमार्ग : घाटातील लोहमार्गाचे तंत्र महाराष्ट्रात प्रथम सह्याद्रीत सिद्ध झाले. बोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये व थळ घाटाचा १८६५ मध्ये खुला झाला. दोहोंचा कमाल चढ ३७ मी.स १ मी. होता. बोर घाटात सु. २५ किमी. अंतरात गाडी सु. ५५८ मी. चढे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने वळणास जागा नसेल तेथे गाडीची दिशा उलटविणारे स्थानक योजले होते. चढावर गाडीस मागून रेटणारी जादा एंजिने जोडण्यात येत. ही पद्धत आजही चालू असून बैलगाडीस लावलेल्या दुसऱ्या जोडीचेच ते यांत्रिक रूप होय.

उतारासाठी केलेली योजना अधिक मूलगामी होती. नियंत्रण सुटलेली गाडी चढत्या आडमार्गावर वळवून थांबविणारे बचावमार्ग घाटात ठेवण्यात आले. अशा ठिकाणी सांधा नेहमी बचावमार्गाकडेच लावलेला असतो. गाडी ठरल्या जागी थांबून ताब्यात असल्याचे दिसल्यावरच मुख्य मार्ग तिला खुला केला जातो. चालकाच्या कौशल्यावर विसंबून न राहता चुकीची शक्यता गृहीत धरूनच व्यवस्था आखणे, हा घाटवाहतुकीतील मोठा विचार येथे प्रथम रूढ झाला. १९२९-३० च्या सुमारास हे मार्ग विजेवर आले. तेव्हा एंजिनाच्या मोटारींचाच उतारावर ब्रेकसारखा उपयोग करणे शक्य झाले.

हिंगोलीस लोहमार्ग १९१२ मध्ये पूर्णेकडून आला. तो मीटरमापी होता. स्वातंत्र्योत्तर काळात तो वाशीम-अकोलामार्गे खांडव्याशी जोडण्यात आला. या जोडमार्गावर सातपुड्यात धुळघाट येथे लोहमार्ग डोंगराभोवती वेढा घेऊन स्वतःच्याच मार्गावरून पलीकडे जाई. अंतर वाढवून चढ सौम्य करण्याचा हा उत्तम नमुना होता. पूर्णा–अकोला भागाचे रुंदमापी रूपांतर २००८ मध्ये झाले. अकोला–खांडवा भागावरील मीटरमापी वाहतूक २०१७ च्या आरंभी थांबली.

मालमोटार व स्वयंचलित गिअर : १९५४ मध्ये टाटा व मर्सिडीज-बेन्झ यांच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारींचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतर डीझेल मालमोटार हे घाटवाहतुकीचे प्रमुख साधन बनले. खालचा गिअर चढावर जोर वाढवितो व उतारावर एंजिनालाच वेग आवरावयास लावतो. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा चालकांचा संकेत आहे. डीझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हे घाटातील भीषण अपघातांचे एक नेहमीचे कारण होय.

स्वयंचलित गिअरपेटीत एंजिन व चाके यांची सांगड तेलाच्या माध्यमातून घातलेली असते. हे काम करणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचे तत्त्व हेरमान फ्यटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये मांडले. अमेरिकेत १९३९-४० पासून स्वयंचलित गिअरच्या मोटारी मोठ्या प्रमाणावर निघू लागल्या. मागे घरगाडी जोडून अशा वाहनाने डोंगर ओलांडण्याची रीत तेथे रूढ आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले असून त्यामुळे हा विषय आपल्याकडेही प्रस्तुत ठरतो. चढावर या यंत्रणेचे तेल घुसळून तापते. म्हणून तेल थंड करणारा स्वतंत्र शीतक लागतो. वजन अधिक असल्यास पेटी वारंवार वरचा-खालचा गिअर बदलू लागते, तेव्हा खालचा टप्पा हाताने निवडून ठेवणे हितावह असते. उतारावर तर ते अत्यावश्यक ठरते. कारण वरच्या टप्प्यात एंजिनाचा अटकाव फार कमी मिळतो. यंत्र स्वयंचलित असले, तरी पुढे उतार आहे ही गोष्ट चालकासच आधी दिसते.

ट्रॅक्टर व ट्रॉली : हिंगोली परिसरात जोडगाडी ओढण्याचा सर्वांत प्रचलित प्रकार ट्रॅक्टर-ट्रॉलीचा आहे. वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांकडे ऊस व बाजारपेठेकडे हळद तिच्यातून जाते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात, तेव्हा भांडीकुंडी, धान्य, कोपीचे सामान, शेळ्या व लहान मुले यांसह सारा संसार अशा ट्रॉल्यांवर चढतो. यांत बंजारा समाजाची कुटुंबेही बरीच असतात. एके काळी ज्यांच्या तांड्यांनी दख्खनच्या फौजा पोसल्या, त्यांचे वंशज आज दुसऱ्याच्या ट्रॉलीत बसून घाट ओलांडतात.

तांत्रिक दृष्ट्या ही घाटवाहतूक सर्वांत असुरक्षित आहे. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक केवळ मागच्या चाकांना असतो आणि अनेक ट्रॉल्यांना तो मुळीच नसतो. चढावर ओढीमुळे ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाऊन सुकाणू निकामी होते. उतारावर ट्रॅक्टरच्या कितीतरी पट वजनाची ट्रॉली त्याला मागून रेटते. वळणावर हा रेटा तिरपा पडला की, ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यात कोन होऊन दोन्ही उलटतात. दोन ट्रॉल्या जोडल्यास धोका आणखी वाढतो. ट्रॉलीस स्वतंत्र ब्रेक, खालच्या गिअरमध्ये उतरणे, उतारूंसाठी निराळे वाहन आणि मागील बाजूस परावर्तक हे त्यावरील सर्वज्ञात उपाय आहेत. ते महाग नाहीत. मात्र उचलीत अडकलेल्या मजुरास वाहन निवडण्याचे स्वातंत्र्य नसते.

समालोचन : आधुनिक रस्तेबांधणीचा कल घाट चढण्याऐवजी तो टाळण्याकडे आहे. २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गावरील इगतपुरीजवळचा सु. ८ किमी. लांबीचा बोगदा हे त्याचे ठळक उदाहरण होय. अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड या राष्ट्रीय महामार्ग क्र. १६१ मुळेही या भागातील प्रवास सुकर झाला आहे. परंतु रस्ता सुधारला की वेग वाढतो आणि वेग वाढला की उतारावरील नियंत्रणाचा प्रश्न अधिक बिकट होतो. लदणीच्या बैलाजवळ स्वतःचे ओझे स्वतः सावरण्याची जी सोय होती, ती लोहमार्गाने ब्रेक व बचावमार्ग यांच्या द्वारा पुन्हा मिळविली. ट्रॉलीच्या वाट्यास ती अद्याप आलेली नाही.