जुन्या कानशीचे नवे पाते

कानस झिजली की भंगारात जाते. पण झिजतात ते तिचे दाते. आतले पोलाद शाबूत असते. लाकूड कोरण्याची लहान पाती करायला याहून सोयीचा माल नाही. जुन्याचे नवे करण्याची ही रीत आपल्या लोहारांना मुळीच नवी नाही.

खानदेशात लोखंड फार पूर्वी आले. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे येथे १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगीन थरांच्या वरच्या थरांत लोखंडी वस्तू सापडल्या. पोलाद मात्र पुढे दीर्घकाळ महाग राहिले. म्हणून लोहार कुऱ्हाडीचे अंग मऊ लोखंडाचे करी व धारेपुरते पोलाद जोडी. मालमोटारी आल्यावर चित्र पालटले. साक्रीवरून जाणाऱ्या सुरत-धुळे मार्गासारख्या रस्त्यांवर तुटलेल्या कमानींचे पाटे भात्यापुढे येऊन विळे-कोयते बनू लागले.

लोखंड व पोलाद यांतील फरक कार्बनचा आहे, हे १७८६ साली व्हान्दरमाँद, बर्थोले आणि माँज या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले. कमानीच्या पाट्यात कार्बन साधारण अर्धा टक्का, तर कानशीत एक टक्का किंवा थोडा अधिक असतो.

कानस लाल तापवून राखेत सावकाश निवू दिली की मऊ पडते. मग कापून, घासून आकार देता येतो. नंतर ती पुन्हा तापवायची. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून किंचित अधिक तापवून ते तेलात बुडवायचे. यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात. झटपट निवल्याने कार्बन लोखंडाच्या स्फटिकांत अडकतो. पाते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून ते उजळून पुन्हा हलके तापवतात. सुमारे २२० ते २३० अंशांना पृष्ठभागावरील ऑक्साइडचा पातळ थर फिकट पिवळा दिसतो, तेथेच थांबायचे. आम्ही प्रयोगशाळेत तापमापकाने मोजतो ते लोहार या रंगावरून ओळखतो. निळा रंग आला, तर कोरण्याची धार टिकत नाही.

यांत्रिक करवतीची जाड पाती बहुधा ‘हायस्पीड’ पोलादाची असतात. टेलर आणि व्हाइट यांनी १९०० च्या सुमारास अमेरिकेत विकसित केलेले हे पोलाद तापल्यावरही कठीण राहते. ते भट्टीत घालू नये. सहाणेच्या चाकावर घासूनच आकार द्यावा.

शिक्षकांनी एक जुनी कानस घेऊन विद्यार्थ्यांसह गावच्या लोहाराकडे जावे. तापवण्याचे काम त्यालाच करू द्यावे. मुलांनी चुंबक लावून पाहावा, रंगांचा क्रम वहीत टिपावा आणि तो कोणत्या रंगाला थांबतो ते विचारावे. भाते बंद पडत असताना ही नोंद राहणे गरजेचे आहे.