नवे राज्य, नवा टोला

राज्यपुनर्रचनेचा इतिहास लिहिणारे बहुधा नकाशापासून आरंभ करतात. आयोग, अहवाल, करार, सीमा, राजधानी असा त्यांचा क्रम असतो आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या कुटुंबांना त्या नकाशाबरोबर उठून जावे लागले, त्यांच्यापुढचा प्रश्न याहून लहान आणि याहून निकडीचा होता : परक्या शहराच्या कोणत्या भागात बिऱ्हाड करायचे? त्या प्रश्नाची उत्तरे सरकारी अहवालांत मिळायची नाहीत. आमच्या घराण्यात अशी दोन उत्तरे दिली गेली. त्यांच्या आधाराने या दुर्लक्षित प्रकरणाविषयी चार शब्द लिहीत आहे.

आमचे मूळ गाव कामठा. गोंदियापासून काही कोसांवरचे, धानाच्या बांध्यांचे आणि तलावांच्या मुलखातले. भोसल्यांच्या अमलात ही एक मोठी जमीनदारी होती. १८१८ साली अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने कामठ्याचे चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठले. ते बंड मोडले गेले आणि जमीनदारी पुढे लोधी घराण्याकडे गेली. १९५१ साली मध्यप्रदेशातील जमीनदाऱ्याच संपल्या. पलीकडच्या लांजीशी आमच्या गावाचा सोयरिकीचा आणि बाजाराचा संबंध जुना. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग काढून बालाघाट जिल्हा केला, तेव्हा लांजी त्यात गेली. पण तो बदल कचेरीपुरताच होता. राज्य दोहोंकडे एकच होते.

आमच्या झाडीपट्टीत गावाबाहेर वसलेल्या वस्तीला टोला म्हणतात. नवा माणूस आला की तो सहसा मूळ गावठाणात शिरत नाही, थोडा दूर टोला करतो. उत्तरेकडून या मुलखात आलेल्या पवार आणि लोधी शेतकऱ्यांनी जागा पाहताना काय पाहिले असेल, हे आजही आमच्याकडचा म्हातारा शेतकरी सांगू शकेल : तलावाचे पाणी कोणत्या बाजूला उतरते, पावसाळ्यात गाडीवाट कोठे बुडते, आणि हाक मारली तर ऐकणारे आपले कोणी जवळ आहे की नाही. शहरवासी ज्याला उपनगर म्हणतात, तो आमचा टोलाच होय. ही गोष्ट एकदा ध्यानात घेतली, म्हणजे पुढच्या हकिकतीचे मर्म कळते.

१९५३ च्या नागपूर कराराने मराठी मुलूख एकत्र येण्याची बोलणी झाली. १९५५ साली फाजलअली आयोगाने मात्र विदर्भाचे वेगळे राज्य सुचविले. शेवटी १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. भंडारा जिल्ह्याबरोबर कामठा मुंबई राज्यात आले आणि लांजी मध्यप्रदेशात राहिली. माझ्या आजीने उंबरठा न ओलांडता मध्यप्रांत-वऱ्हाड, मध्यप्रदेश, मुंबई आणि महाराष्ट्र अशी चार राज्ये पाहिली. तिचे अंगण होते तेथेच होते.

नागपूरच्या सचिवालयात कारकुनी करणाऱ्यांचे तसे नव्हते. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले. राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने नोकरांच्या वाटणीचा अंतिम अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला होता. आपले म्हणणे मांडण्याची सोय तेवढी होती. माझे वडील आणि थोरले काका एकाच इमारतीत नोकरीला होते. वाटणीत काका भोपाळच्या बाजूस पडले, वडील मुंबईच्या. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ज्या आठवड्यात दोन्ही बिऱ्हाडे बांधली गेली, त्या आठवड्यात आजीने चिन्नोर तांदळाची दोन सारखी गाठोडी करून पाठविली, एवढे मला स्पष्ट आठवते.

राज्य सरकारने दिले. वस्ती मात्र घरच्यांनी निवडावयाची होती. भोपाळात नव्या राजधानीच्या नोकरवर्गासाठी जुन्या शहराबाहेर वसाहती उठत होत्या. त्यांपैकी तात्या टोपे नगरात काकांना घर मिळण्यासारखे होते. आधी मिळत होते ते घर त्यांनी नाकारले आणि तीन महिने एका भाड्याच्या खोलीत काढून, नागपूरकर ओळखीच्या चार घरांच्या ओळीत जागा मिळविली. हा हट्ट काकूंचा. त्यांचे म्हणणे साधे होते : दिवसभर बोलायचे कोणाशी, ते आधी ठरवा, भिंती मागाहून पाहू.

मुंबईची गोष्ट निराळी होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या चाळींतील भाडी गोठली होती. जुना भाडेकरू जागा सोडीना आणि नव्या माणसाकडून मालक पागडी मागे. गिरगाव-दादर आमच्यासारख्यांना बंद झाल्यासारखेच होते. तेव्हा उपनगर हाच मार्ग. प्रश्न एवढाच, की कोणत्या लाइनीवरचे? वडिलांनी डोंबिवली निवडली. कचेरीपासून इतक्या दूर, पाण्याचे हाल, रस्त्यावर चिखल. सहकाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले. त्यांचे कारण आम्हांला पुष्कळ वर्षांनी उमगले. हावड्याहून नागपूरमार्गे येणारी मेल गोंदियास थांबते, आणि मुंबईत शिरण्यापूर्वी कल्याणला थांबते. गावाहून कोणी निघाले की कल्याणला उतरून दोन स्टेशने मागे-पुढे करण्याचाच काय तो अवकाश. आजी आजारी पडल्याची तार आली, तर त्याच रात्री गाडी धरता येईल, हा त्यांचा हिशेब होता.

मला वाटते, स्थलांतराचा हा एक नियमच म्हणावा लागेल. परमुलखात घर करणारा माणूस गावाकडे तोंड करून बसतो. कोकणातून आगबोटीने येणारा गिरणीकामगार बंदराच्या आणि गिरण्यांच्या टापूत राहिला. गुजरातेतून आलेल्यांची कितीतरी कुटुंबे त्याच दिशेने जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या कडेने वसली. ज्यांच्या गावाची वाटच तुटली, त्यांना हे भाग्य लाभले नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवण्यात आले, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. डोंबिवलीहून ते काही हाकेच्या अंतरावर नाही, पण फार दूरही नाही. आमच्या निवडीला निवड म्हणता येते, ते अशा शेजाऱ्यांकडे पाहिल्यावर समजते.

आता या निवडीचे फळ. वडिलांना मुंबई मिळाली तेव्हा घरात समाधान होते, ते एका कारणाने : मुले मराठीत शिकतील. शिकलीही. काकांची मुले हिंदी शाळेत गेली. पुढे त्यांची पत्रे हिंदीत येऊ लागली आणि वडील ती दोनदा वाचून मुकाट्याने घडी करून ठेवीत. इतपत सर्वांना अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते निराळेच. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. आम्ही ‘पानी’ म्हणत होतो, डोळ्याला ‘डोरा’ म्हणत होतो. डोंबिवलीच्या शाळेत वर्ग हसला. वर्षाच्या आत मी आणि माझी बहीण ‘शुद्ध’ बोलू लागलो, आणि दुसऱ्या वर्षी आई नळावर बायकांशी बोलताना शब्द तोलू लागली. उलट भोपाळात काकूंचे मराठी सुधारायला कोणी नव्हतेच. त्या चार घरांच्या ओळीत त्यांनी चाळीस वर्षे कामठ्याची बोली जशीच्या तशी बोलून काढली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे संशोधन केले, ते वाचताना अनेक शब्द मला आईच्या नव्हे, काकूंच्या आवाजात ऐकू आले.

म्हणजे ज्यांना परभाषेचे राज्य मिळाले, त्यांच्या घरात आमची बोली एक पिढी टिकली. ज्यांना स्वभाषेचे राज्य मिळाले, त्यांच्या घरात ती दोन वर्षांत गेली. यावरून भाषावार प्रांतरचना चुकली असा निष्कर्ष मी काढणार नाही. मराठी शाळेने मला जे दिले, त्याचे मोल मी जाणतो. या ओळी लिहिता येतात त्या तिच्याच पुण्याईने. परंतु राज्याची भाषा आणि घराची बोली या दोन वस्तू आहेत. पहिलीची काळजी कायदा घेतो. दुसरीची काळजी शेजार घेतो, आणि शेजार हा वस्ती निवडतानाच निवडला जातो.

१ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. १ नोव्हेंबर २००० रोजी, बरोबर चव्वेचाळीस वर्षांनी, पलीकडे छत्तीसगढ राज्य झाले. आता आमच्या जिल्ह्याला दोन राज्यांच्या सीमा लागतात. कामठ्याकडची मुले पुण्याला जातात, हैदराबादेस जातात, रायपूर तर जवळच. घर पाहताना ती भाडे, कचेरीचे अंतर, पाणी आणि शाळा यांची चौकशी करतात; ती केलीच पाहिजे. पण माझा सल्ला विचारायला कोणी आले, तर काकूंचा प्रश्न मी पुढे करतो : दिवसभर बोलायचे कोणाशी? पुण्यात राहणाऱ्या माझ्या नातवाने गेल्या वर्षी घर घेताना हा प्रश्न हसण्यावारी नेला, आणि मग गोंदियाकडची तीन कुटुंबे असलेल्या इमारतीत घर घेतले. त्याची चार वर्षांची मुलगी परवा मला दूरध्वनीवर म्हणाली, ‘‘आबा, पानी पडून राह्यला.’’ तिला कोणी सुधारले नाही.