सेवापत्रकातील ‘१०/५ मराठा’

सैनिकाच्या सेवापत्रकातील ‘१०/५ मराठा’ म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची प्रशिक्षण पलटण. १९२२ च्या फेररचनेत हे काम जुन्या ११४ व्या मराठा पलटणीकडे आले; तिचे ठाणे बेळगावला होते. दहा हा क्रमांक प्रशिक्षण पलटणीसाठी ठरलेला होता, त्यावरून रेजिमेंटला दहा पलटणी होत्या असे समजू नये. बुलढाण्यासारख्या वऱ्हाडी जिल्ह्यातला रंगरूट इथे कवायत आणि बंदूक शिके, मग मेलेल्या-जखमी झालेल्या शिपायांच्या जागी कुमक म्हणून आघाडीवरच्या पलटणीत जाई. म्हणून केवळ ‘१०/५’ पाहून हा माणूस लढलाच नाही असे ठरवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. बदलीची पुढची नोंद आणि तिची तारीख पाहावी. ती ‘३/५’ असेल, तर ती पलटण १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनला आणि नंतर इटलीत लढली. नुसत्या ‘बेळगाव’ या शब्दावरही विसंबू नये: महार रेजिमेंटची पहिली पलटण ऑक्टोबर १९४१ मध्ये तिथेच उभी राहिली.