एक शिपाई, तीन स्मारकं

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की पेण, वडखळ, कोलाड करत साधारण शंभर किलोमीटरवर माणगाव येतं. आपल्यापैकी अनेकांनी तिथे चहासाठी गाडी थांबवली असेल. पण तहसील कार्यालयाच्या आवारातला पुतळा आपल्यातल्या किती जणांनी पाहिलाय? तो पुतळा आहे नायक यशवंत घाडगे यांचा. आज आपण त्यांच्या स्मारकांविषयी बोलणार आहोत. स्मारक म्हटलं की आपण मूर्ती बघतो. ती कुठे उभी आहे आणि तिच्या भोवती काय आहे, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

आधी माणूस समजून घेऊ. यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, जन्म १९२१ चा. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली, मग एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळच नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्यानं ठार केलं. त्यानंतर दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि जिंकलेल्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्यांची समाधी मात्र कुठेच नाही. म्हणून पहिलं स्मारक म्हणजे नुसतं नाव. इटलीत कॅसिनो इथे, मठाच्या डोंगराच्या पायथ्याशी, युद्धस्मशानभूमी आहे. लुई द स्वासाँ या वास्तुविशारदानं ती आखली. मधोमध पाण्याचा हौद, दोन्ही बाजूंना संगमरवरी खांब आणि त्यांवर ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं. त्यांत आपल्या पळसगावचं एक. ज्या डोंगरासाठी १९४४ मध्ये महिनोन् महिने लढाई चालली, तोच डोंगर वर दिसतो. तिथे वेगळं काही कोरून सांगावं लागत नाही.

स्कॉटलंडमध्येही हीच युक्ती दिसते. स्पीन ब्रिजजवळ स्कॉट सदरलंड या शिल्पकाराचे तीन कांस्य कमांडो उभे आहेत. १९५२ साली त्यांचं अनावरण झालं. ते बेन नेव्हिसच्या दिशेनं पाहतात, कारण त्याच डोंगराळ मुलुखात कमांडोंनी प्रशिक्षण घेतलं होतं. ते शिल्प तिथून उचलून शहरातल्या चौकात ठेवलं, तर त्याचा अर्धा अर्थ मागेच राहील.

आता माणगावला परत येऊ. इथला पुतळा रणभूमीपासून हजारो किलोमीटर दूर आहे. सभोवती दाखल्यासाठी, सातबाऱ्यासाठी आलेली माणसं. कुणी म्हणेल, ही काय स्मारकाची जागा? आम्हाला वाटतं, हीच. ज्या गावाला मुलाचा देह मिळाला नाही, त्या गावाची माणसं त्याच्यासमोरून रोज ये-जा करतात.

एक अवघड प्रश्नही इथे आहे, तो टाळायला नको. घाडगे ब्रिटिशांच्या सैन्यात लढले. त्यांच्या मृत्यूच्या दोनच महिने आधी गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या कैदेतून सुटले होते. मग हा पुतळा कुणाच्या युद्धाचा? स्वातंत्र्यानंतर असे सैनिक बराच काळ आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत नीट बसलेच नाहीत. आम्हाला वाटतं, साम्राज्याचा हिशेब वेगळा मांडावा आणि त्या पोराचा वेगळा.

तिसरं स्मारक सगळ्यात नवं. जुलै २०२३ मध्ये पेरुजाजवळच्या मोंतोने गावानं आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी घाडग्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं. त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. त्या प्रसंगी भारत सरकारनं दिलेले आकडे असे: इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक होते, त्यांतले ५,७८२ मारले गेले, आणि तिथल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांना मिळाले. त्या सहांत मराठा पलटणीचे दोघे, घाडगे आणि नामदेव जाधव. जाधव जिवंत परतले.

सूर्यघड्याळात पुतळा नसतो, सावली असते. ती जिथे पडते ती जमीन त्याच खोऱ्यातली, जिथे घाडगे पडले. परक्या गावानं हे आठवणीनं केलं. आता आपली पाळी. पुढच्या खेपेला माणगावला चहा घ्याल, तेव्हा दहा मिनिटं जास्त थांबा. मुलांना आवारात न्या, पळसगाव कुठल्या दिशेला ते कुणाला तरी विचारा, आणि त्या पुतळ्यासमोर उभं राहून त्यांना १० जुलैची ही गोष्ट सांगा.