ड्युकोच्या खालचं काम

जुनी जावा घरीच रंगवतोय, त्यावरून आपल्या निर्मलची गोष्ट सांगावीशी वाटली. 'ड्युको' हा अमेरिकेत १९२३ साली मोटारींसाठी आलेला, झटपट वाळणारा रंग. पुढे निर्मलच्या नकाशी कारागिरांनी तो खेळण्यांवर घेतला. पण चमक येते ती खालच्या कामातून. पोनिकीच्या हलक्या लाकडाचे तुकडे जोडायचे, चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून सांधे भरायचे, वाळले की घासायचे, मगच रंग. टाकीचंही तसंच: प्राइमर, पोच्यांत पुट्टी, वॉटर पेपर, पुन्हा प्राइमर. बँकेत असताना कर्जाच्या अर्जात रंगाची किंमत दिसायची. घासण्याची मजुरी कुठेच नसायची. निर्मलचं खेळणं घेताना घासाघीस करण्याआधी एवढं आठवा.