पेटंट सुटले, यंत्र घरी आले

प्लॅस्टिकची साधी कडी बनवायची तरी कारखान्याला आधी पोलादी साचा घडवावा लागतो. साच्याचा खर्च लाखांच्या घरात जाऊ शकतो. म्हणून हजारो नग खपण्याची खात्री असल्याखेरीज त्या फंदात कोणी पडत नाही. थ्रीडी प्रिंटरने हा हिशेब बदलला. संगणकावर काढलेल्या त्रिमितीय आकृतीच्या आज्ञावली पातळ चकत्या पाडते आणि यंत्र वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर एकावर एक चढवत वस्तू उभी करते. एका थराची जाडी असते मिलिमीटरचा काही दशांश. पहिल्या नगाला जेवढा खर्च, जवळजवळ तेवढाच शंभराव्याला. एकच नग हवा असणाऱ्याला हे वरदान, लाखभर नग हवे असणाऱ्याला अर्थातच परवडणारे नाही.

ही पद्धत मुळात जुनी आहे. अमेरिकेतील स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९९२ मध्ये ते मंजूर झाले. त्यांच्या ‘स्ट्रॅटसिस’ कंपनीची यंत्रे मोठ्या उद्योगांच्या नमुना विभागांत पोचली. सामान्य माणसाला त्यांची किंमत पेलणारी नव्हती.

कोंडी फोडली ती इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील एड्रियन बोयर यांनी. स्वतःचेच भाग छापणारे यंत्र ही त्यांच्या ‘रेपरॅप’ प्रकल्पाची २००५ मधील कल्पना. आराखडे सर्वांना खुले ठेवण्यात आले. २००८ मध्ये ‘डार्विन’ या यंत्राने छापलेल्या भागांतून दुसरे यंत्र उभे राहिले. मोटारी, सळ्या, नट-बोल्ट आणि इलेक्ट्रॉनिक्स मात्र बाजारातूनच आणावे लागले, हे कौतुकाच्या भरात विसरले जाते. २००९ मध्ये क्रम्प यांच्या पेटंटची मुदत संपली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ‘मेकरबॉट’ने सुट्या भागांचा संच विक्रीस आणला. खुल्या आराखड्यांवर वाढलेल्या या कंपनीने २०१२ मध्ये नव्या यंत्राचा आराखडा मात्र गुप्त ठेवला. अनेक जुन्या सहकाऱ्यांना तो विश्वासघात वाटला, आणि त्यांचे म्हणणे गैर नव्हते. पुढच्याच वर्षी स्ट्रॅटसिसने ती कंपनी विकत घेतली.

खुलेपणाचे मोल २०२० च्या मार्चमध्ये दिसले. करोनाच्या साथीत प्रागच्या ‘प्रुसा’ कंपनीने चेहऱ्यावरील संरक्षक ढालीचा आराखडा खुला केला आणि देशोदेशींच्या हौशी मंडळींनी घरच्या यंत्रांवर त्या छापून रुग्णालयांना दिल्या. वाट पाहावी लागली नाही ती साच्याची, आणि परवानगीचीही.

यंत्र प्रत्येकाच्या घरी असलेच पाहिजे असे नाही. एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांनी सामायिक कार्यशाळेची, म्हणजे ‘फॅब लॅब’ची कल्पना मांडली. अमेरिकेबाहेरील अशा अगदी सुरुवातीच्या कार्यशाळांपैकी एक २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात सुरू झाली.

छापील वस्तू वापरताना भान हवे. थरांच्या जोडावर ती कमकुवत असते. घरगुती वापरातले पीएलए हे प्लॅस्टिक साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ठेवलेली वस्तू वाकडी होऊ शकते.